चोवीस फुटांच्या आत

९ मार्च, रविवार

आज तिसरी गाडी बघितली. बॅरी गावाच्या पलीकडे एका शेतात, चाकं अजून बर्फात. बाहेरून चकाचक — नवी पट्टी, नवे पडदे! दार उघडलं आणि नाकानंच सांगितलं. ओल्या गोणपाटाचा वास. मालक म्हणतो, "शी जस्ट नीड्स सम एअर." हवा कसली बाबा, तिची घटका भरलीय.

माझी पद्धत आता पक्की झालीय. आधी नाक. मग पाय — दारापाशी, न्हाणीच्या पुढे, पलंगाच्या कोपऱ्यात टाच दाबून बघायची, जमीन लवते का. मग चमचा. आईनं लग्नात दिलेला स्टीलचा, दांड्यावर 'पद्मा' असं नाव घातलेला. माठ घेताना वाजवून बघतात तसं आतून भिंत वाजवत जायचं. टणक आवाज आला तर बरं. भद्द आला की समजायचं, आतलं लाकूड कुजलंय. बँकेत पंचवीस वर्षं दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधल्या. डिसेंबरात रिटायर झाले. आता मोटरहोममधल्या शोधतेय.

स्वानंद टेप घेऊन फिरतो. बंपरपासून बंपरपर्यंत मोजतो आणि फोनमध्ये लिहून ठेवतो. मी वास घेते, हा लांबी घेतो. नवराबायकोची कामाची वाटणी!

ठरलंय ते असं. मार्कहॅमचं घर विकायचं. जुनी मोटरहोम घ्यायची, स्वतःच्या हातानं नीट करायची आणि त्यातच राहायचं, बारा महिने. आधी पूर्वेला, थेट न्यूफाउंडलंडपर्यंत. मग उलटं फिरून युकॉन. सव्वीस वर्षं झाली या देशात येऊन. बघितलं काय? ऑफिसला जाता-येता मार्कहॅम ते युनियन स्टेशन, ट्रेनच्या खिडकीतून, तेही निम्मं अंधारात. आणि कॅल्गरी — म्हणजे एअरपोर्ट ते लेकीचं घर.

आता बघायचंय. एवढीच इच्छा उरलीय, आणि ती मी कुणाला सांगायला लाजत नाही.

११ मार्च, मंगळवार

स्वानंदचा नवा नियम. चोवीस फुटांच्या आतलीच गाडी बघायची. का? "मोठी चालवायला जड जाते." अरे, चालवणार मी! याला हायवेवर मर्ज करायचं म्हटलं तरी घाम फुटतो.

१६ मार्च, रविवार

जाईचा फोन. आमच्याकडे लेकीचा रविवारचा फोन येतो तो बापाच्या फोनवर. तासभर दोघं बोलतात, मग शेवटची पाच मिनिटं मला.

असं आधी नव्हतं. चार वर्षांपूर्वी नातीच्या, गुंजनच्या वेळी मी पाच महिने बिनपगारी रजा घेऊन कॅल्गरीला गेले. शेकशेगडी, डिंकाचे लाडू, बाळाचं तेल-पाणी, सगळं केलं. चौथ्या महिन्यात एक दिवस जाई म्हणाली, "आई, धिस इज माय हाउस." माझंही डोकं तापलेलं. मी म्हटलं, मग पुढच्या वेळी मला बोलावू नकोस. परत आले तर ऑफिसात माझी टीम दुसऱ्याला देऊन टाकलेली. इकडची नाही, तिकडची नाही.

तेव्हापासून आमच्या दोघींच्या मधे स्वानंद. ती त्याला सांगते, तो मला सांगतो. मी त्याला सांगते, तो तिला. दोन्हीकडे साखर घालून सांगतो. निदान भांडण तरी होत नाही.

आज फोन माझ्याकडे आला तेव्हा जाई म्हणाली, "सो आई… तुला काही बोलायचंय का?" आवाज जरा निराळा वाटला. मी म्हटलं, हो, आयुषला सांग, टायरवर शेवटी चार आकडे असतात, त्यावरून टायर किती जुना ते कळतं. तुमच्या व्हॅनचे बघून घ्या म्हणावं. जावईबापूंना या गोष्टी सुचत नाहीत.

मग "ओके आई." आणि फोन परत बाबांकडे.

२२ मार्च, शनिवार

सापडली!

लिंडसेच्या पुढे एका कोठारात. स्वानंदला मी लांबी सांगितलीच नव्हती, नाहीतर आलाच नसता. मालकीणबाई मॅरियन, पंचाहत्तरीच्या. नवरा डग दोन वर्षांपूर्वी गेला. गाडी २००३ ची, पहिल्यापासून यांचीच, आणि हिवाळ्यात कायम छपराखाली. आतला रंग भयंकर, शेवाळी गालिचा आणि बदामी पडदे. पण वास? कोरड्या लाकडाचा. टाच कुठेही बुडली नाही. चमचा वाजवत सगळी फिरले, पुढून मागे, मागून पुढे. सगळीकडे टणटण. एके ठिकाणी, मागच्या खिडकीखाली, जरा मंद वाटला. तेवढं मी करीन.

कपाटाच्या दाराच्या आत डगनं पेन्सिलीनं तारखा लिहिल्यात — छपराच्या जोडांना दरवर्षी सीलंट लावल्याच्या. एकही वर्ष चुकलेलं नाही. असा माणूस मी आमच्या अख्ख्या बँकेत बघितला नाही.

नळांमधे अजून गुलाबी अँटीफ्रीझ आहे. हिवाळ्यात पाणी गोठून पाइप फुटू नयेत म्हणून भरून ठेवतात. त्यामुळे पाण्याचं काही तपासता आलं नाही. मॅरियन म्हणाली मे महिन्यात ये, नळ सोडून दाखवते.

मी ड्रायव्हरच्या सीटवर बसले. मॅरियन शेजारी. म्हणाली, "डग ड्रोव्ह. आय सॅट हिअर. आय नेव्हर वन्स टुक द व्हील, कॅन यू इमॅजिन?" मला येत होतं इमॅजिन करता.

तेवढ्यात बाहेरून स्वानंदचा आवाज. "एकतीस! एकतीस फूट आहे ही. संपलं."

आत पाऊलसुद्धा टाकलं नाही त्यानं.

२३ मार्च, रविवार

जेवताना पुन्हा विषय काढला. एकतीस म्हटलं की कान बंद. "तुला झेपणार नाही गं." मला! जानेवारीच्या हिमवादळात कुणी आणलं होतं याला ओटावाहून?

३० मार्च, गुढीपाडवा

गुढी मागच्या डेकवर. पडद्याच्या दांड्याला साडी, तांब्या, साखरेची गाठी. वाऱ्यानं तांब्या दोनदा पडला. श्रीखंड छान झालं.

दुपारी पुढच्या हिरवळीवर 'फॉर सेल'ची पाटी लागली. इथे नवे आलेले लोक दुसऱ्याच्या तळघरात भाड्यानं राहतात; या घरात मी वर राहिले, मालकीण म्हणून, माझ्या पगारातून. स्वानंदनं खांद्यावर हात ठेवला, म्हणाला, "बघ, तुझ्या मनासारखं होतंय." बरं वाटलं. लिहून ठेवते, कारण मला बरं वाटल्याचं मी क्वचित लिहिते.

५ एप्रिल, शनिवार

पीटरबरो. तेवीस फुटी. भिंती ठीक, जमीन ठीक, पण गिअर बदलताना गाडी आचका खाते आणि ट्रान्समिशनचं तेल काढून बघितलं तर काळं, करपलेला वास. डोंगर चढायच्या आधीच ही राम म्हणेल. मी सरळ नाही म्हटलं.

स्वानंदचे प्रश्न वेगळेच. घराच्या करंटवर हीटर चालेल ना? पायरी किती उंच आहे? ड्रायव्हरच्या डोक्यावरचा पलंग बघून म्हणतो, "गुंजन झोपेल इथं."

"गुंजन कधी येणार आपल्याबरोबर?"

"येईल की."

इंजिनाबद्दल एक प्रश्न नाही. मी करपलेलं तेल बोटावर घेऊन दाखवलं तर म्हणे, "आपल्याला कुठे रेस लावायचीय." युकॉनला जायचंय बाबा, कोपऱ्यावरच्या ग्रोसरीला नाही!

१२ एप्रिल, शनिवार

घर विकलं गेलं. २७ जूनला किल्ल्या द्यायच्या. सही करताना माझा हात थरथरला नाही, स्वानंदचा थरथरला. मला त्याची दया आली.

१९ एप्रिल, शनिवार

स्वानंदनं पीटरबरोच्या गाडीला बयाणा दिला.

मला न विचारता. सरप्राइज म्हणे! सकाळी एकटाच गेला. मी समजले देवळात गेलाय. येऊन किल्लीचा फोटो दाखवतो, चेहऱ्यावर असं हसू की जणू मला दागिना आणलाय.

राग आला की माझं नागपूर बाहेर येतं. "काय करून राहिला तू? मी नाही म्हटलं होतं नं?" याचं पुणं शांत. "अगं, सगळं जुळून येत होतं. किती दिवस शोधणार?" काय जुळून येत होतं? ट्रान्समिशन मेलेलं आहे. म्हणे, "करून घेऊ नंतर."

या माणसानं आयुष्यात टोस्टर घ्यायला तीन आठवडे लावलेत.

काहीतरी आहे. पंचवीस वर्षं हेच काम केलंय. एक चूक असेल तर चूक असते, चार एका ओळीत आल्या की त्या कुणीतरी ठेवलेल्या असतात.

२६ एप्रिल, शनिवार

मैत्रीण सीमाकडे रिचमंड हिलला चैत्राचं हळदीकुंकू. मराठी मंडळातल्या तीसेक बायका. गौर छान मांडली होती, झोपाळ्यावर. कलिंगडाचं कमळ कापलेलं.

मी पन्हं घेतलं तेवढ्यात सीमानं मिठीच मारली. "अगं पद्मा, अभिनंदन! दुसऱ्यांदा आजी! सप्टेंबर ना?"

मी ग्लास खाली ठेवला.

"आणि किती मस्त आयडिया तुमची. लेकीच्या दारातच गाडी लावायची, गाडीतच राहायचं. त्यांना प्रायव्हसी, तुम्हाला तुमचं घर. डे-केअर नको, काही नको. आमच्या ह्यांना स्वानंद सांगत होते, ड्राइव्हवेचं मापसुद्धा घेऊन झालंय म्हणे!"

मी म्हटलं, "हो ना."

दुसरं काय म्हणणार होते? तीस बायका. माझ्या पोटच्या पोरीला दिवस गेलेत आणि मला ते पन्हं पिताना कळतंय, असं म्हणू? हसले. ओटीत भिजवलेले हरभरे घेतले. आंब्याची डाळ दोनदा वाढून घेतली, कारण तोंडात घास असला की बोलावं लागत नाही. कुणी विचारलं, "मुलगा की मुलगी सांगितलं का?" मी मान हलवली. ती मान हो की नाही, मलाच माहीत नाही.

गाडी चालवत घरी आले. एकही सिग्नल आठवत नाही. येताना रस्त्यात कुठेतरी थांबून रडायला पाहिजे होतं, पण रडूही येईना.

गावभर झालं आणि घरच्याला पत्ता नाही. घरचा म्हणजे मी.

२७ एप्रिल, रविवार

जाईचा फोन आला. मी न्हाणीत जाऊन नळ सोडून बसले.

२८ एप्रिल, सोमवार

सकाळी चहा झाल्यावर विचारलं. आवाज चढवला नाही, त्यामुळे तो जास्त घाबरला.

"जाईचं तुला कधी कळलं?"

"फेब्रुवारीत."

"आणि मला?"

"मी योग्य वेळ बघत होतो गं."

"हळदीकुंकवाची?"

हळूहळू सगळं बाहेर आलं. जाईनं त्याला सांगितलं. जाईला मदत लागणार. गुंजनच्या वेळचं माझं बोलणं याच्या डोक्यात. त्याच सुमाराला मी मोटरहोमचं बोलायला लागले होते, आणि याला एका दगडात दोन पक्षी दिसले. जाईचा ड्राइव्हवे चोवीस फूट. आयुषनं मोजून पाठवला.

म्हणून चोवीस. म्हणून पायरीची उंची, म्हणून घराचं करंट, म्हणून गुंजनचा पलंग. इंजिनाचं याला काही पडलेलंच नव्हतं, कारण त्या गाडीला फक्त एकदाच जायचं होतं. मार्कहॅम ते कॅल्गरी. मग टायरखाली विटा.

"तू नाही म्हणाली असतीस," म्हणाला.

"म्हटलं असतं. मग?"

"मग जाईला काय सांगायचं?"

"ते 'नाही' माझं असतं रे. माझं मला म्हणू द्यायचं होतंस."

त्यावर म्हणे, "एकदा गाडी तिथं लागली असती, बाळ डोळ्यांसमोर आलं असतं, की तू आपसूक…" आणि वाक्य तिथंच सोडलं. आपसूक! गोठ्यात बांधली की गाय आपसूक दूध देते, तसं.

शेवटचं विचारलं. "मला सांगितलेलं नाही, हे जाईला माहीत होतं?"

तो उठून कप विसळायला लागला. "तुमचं दोघींचं मला काही माहीत नाही."

म्हणजे माहीत होतं.

केसानं गळा कापला. नवऱ्यानं कापला ते एक वेळ समजतं, पस्तीस वर्षांत माणूस गुळगुळीत होतो. पण पोरीनं? मी असं कितीसं बोलले होते? एकदा, रागात, चौथ्या महिन्याच्या थकव्यात. तेवढ्यावर तिनं पोटातलं मूल माझ्यापासून लपवलं, आणि पार्किंगचं माप पाठवलं. आजी नको, आया हवी. तीही तिच्या चाकांवरच्या खोलीसकट.

३० एप्रिल, अक्षय तृतीया

बोलत नाही. स्वयंपाक करते, दोघांचा. ताट वाढून वर निघून जाते. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा.

घर तर विकून बसलोय. अठ्ठावन्न दिवस उरलेत. आता मागे फिरायला ठिकाणच नाही, आणि हे त्यानं सही करताना जाणलं होतं. हात उगाच थरथरला नव्हता त्याचा.

३ मे, शनिवार

एकटीच लिंडसेला गेले.

मॅरियननं शब्द पाळला. नळ सोडले. आधी गुलाबी पाणी, मग फिकट, मग स्वच्छ. मी प्रत्येक सांध्याखाली टिश्यू पेपर धरून बसले. एक थेंब नाही.

मग हायवेवर चालवून बघितली. पहिली पाच मिनिटं घाम फुटला. वळताना मागचं टोक कुठल्या कुठे जातं! मॅरियन शेजारून म्हणत होती, "वाइड, हनी, गो वाइड." दहाव्या मिनिटाला हात बसला. चढाला लागली तरी इंजिन तक्रार करेना. परत आल्यावर मॅरियननं विचारलं, हजबंडला काय वाटतं?

मी म्हटलं, त्याला लहान गाडी आवडते.

ती म्हणाली, जूनपर्यंत कोठारातच राहू दे, इथंच काम कर. डगची हत्यारं आहेत.

कागदावर एकच नाव. माझं. पैसे माझ्या रिटायरमेंटचे. पीटरबरोचा बयाणा बुडेल. बुडू दे.

४ मे, रविवार

स्वानंदला सांगितलं. "किती फुटी?" हा पहिला प्रश्न. उत्तर ऐकून खाली बसला. मी त्याला पाणी दिलं, बाकी काही दिलं नाही.

१८ मे, रविवार

शेवाळी गालिचा काढला. दोन हजार तीनपासूनची धूळ, स्टेपलच्या पिना शेकड्यांनी. गुडघे गेले कामातून. खाली प्लायवूड मात्र कोरं! मागच्या खिडकीखालची भिंत उघडली. हातभर लाकूड मऊ झालं होतं. कापून काढलं, नवं बसवलं, सुतारकाम यूट्यूबवर शिकून. वरून चमचा मारला. टण.

कुजकं वेळेवर सापडलं तर काढता येतं. मला अडीच महिने उशीर झाला.

छपरावर चढून जोडांना सीलंट लावलं. खाली येऊन कपाटाच्या दारात डगच्या शेवटच्या तारखेखाली आजची तारीख लिहिली, पेन्सिलीनंच. मॅरियन बघून बाहेर निघून गेली. थोड्या वेळानं सँडविच घेऊन आली, डोळे लाल.

१ जून, रविवार

जाईचा फोन. स्वानंद फोन पुढे करून उभा, "बोल ना एकदा." मी म्हटलं, तूच बोल, तुला जमतं.

त्याला सांगितलं, जाईला कळव. मी येत नाही. मी पूर्वेला जाणार, ठरलं होतं तशी. त्याला यायचं असेल तर शेजारची सीट आहे. नसेल तर लेकीकडे जावं.

"असं कसं सांगू मी तिला?"

"गोड करून. नेहमीसारखं."

८ जून, रविवार

विचारलं, सांगितलंस? म्हणतो, सांगतो. म्हणजे नाही.

१५ जून, रविवार

सामान निम्म्याहून जास्त गेलं. सोफा, टीव्ही, डायनिंग टेबल. देव आणि मिसळणाचा डबा ठेवलाय. भांड्यांतली नाव घातलेली तेवढी घेतली. 'सौ. पद्मा' लिहिलेलं पातेलं सीमाला दिलं, नुसतं 'पद्मा' लिहिलेलं मी ठेवलं. सीमा म्हणाली, "कॅल्गरीला मिस करशील हं मंडळ." मी पुन्हा म्हटलं, "हो ना."

गुंजनचा फोटो फ्रिजवरून काढला. मग परत लावला. मग काढून पर्समध्ये टाकला. तिनं काय केलंय बिचारीनं? फोटोत माझ्याच मांडीवर आहे, सव्वा महिन्याची. माझ्या लुगड्याच्या मऊ चिंध्यांची दुपटी.

माझ्या हातानं शिवलेली. आणि आता कुणाला शिवायची, ते मला सांगायचं नव्हतं त्यांना.

२१ जून, शनिवार

गाडी तयार. कोठाराबाहेर काढून तोंड पूर्वेला करून ठेवली. स्वानंदनं काल शेवटी जाईला सांगितलं, अशी बातमी त्याच्या चेहऱ्यावरून कळली. माझ्या फोनवर जाईचे तीन मिस्ड कॉल. नाही उचलले. आता कशाला?

२२ जून, रविवार

आज उचलला. तिनं हॅलोसुद्धा म्हटलं नाही. रडतच होती.

"बाबा म्हणाले तू येत नाहीयेस. फाइन. येऊ नकोस. पण आई, एकदा अभिनंदन तरी म्हणायचंस! फेब्रुवारीत बाबांनी सांगितलं, आईला सगळं सांगितलंय, शी इज सो हॅपी, ती येणार आहे. फक्त तू तो विषय काढू नको, तिला मागचं लागलंय, ती आपणहून बोलेल. आय वेटेड, आई. एव्हरी संडे. मी तुला विचारलंसुद्धा. अँड यू टॉक्ड अबाउट टायर्स."

मी रिकाम्या खोलीत जमिनीवरच बसले. म्हटलं, जाई, मला एप्रिलच्या शेवटी कळलं. सीमामावशीकडून.

पलीकडून हळूच, "ओह, आई." मग दोघी रडलो. मग दोन तास बोललो, मधे कुणी नव्हतं. शेवटी तिनं विचारलं, येशील? मला. माझ्या तोंडानं हो म्हटलं मी. बाळंतपणाचा सव्वा महिना, मग माझी मी पुढे.

शुक्रवारी किल्ल्या दिल्या की निघते, पश्चिमेला. एकटी. सप्टेंबरपर्यंत वाटेतलं सगळं बघत जाणार.

स्वानंदचं विमानाचं तिकीट काढलं. जाईच्या दारात चोवीस फूट जागा आहे. त्याला पुरेल.